पऱ्हाटीचा कोळसा आणि त्याच्या कांड्या: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी लागला की विदर्भात धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, ढीग दिसू लागतात. कापूस वेचून झालेला असतो, झाडं उपटलेली असतात. त्यातल्या थोड्या काड्या चुलीत जातात, थोड्या कुंपणाला लागतात आणि उरलेल्या ढिगाला कुणीतरी एखाद्या संध्याकाळी काडी लावून मोकळा होतो. हेक्टरी साधारण दोन ते तीन टन पऱ्हाटी निघते. किलोला सुमारे ४,००० किलोकॅलरी उष्णता देणारं हे इंधन आहे, म्हणजे कुठल्याही बऱ्या लाकडाच्या जवळपास.

पेटवायचं नाही म्हणून ढीग तसाच ठेवला तरी भागत नाही. झाडावर राहून गेलेल्या अर्ध्या उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते आणि पुढच्या हंगामात नव्या कपाशीवर येते. फरदड (वेचणी संपल्यावर त्याच झाडांवर घेतलेलं जादा पीक) घेऊ नका, पऱ्हाटी लवकर काढा आणि तिची विल्हेवाट लावा, हे कृषी विभाग दरवर्षी सांगतो ते याचसाठी. तेव्हा उन्हाळ्याच्या आत पऱ्हाटीचा कोळसा करून टाकला तर इंधनही मिळतं आणि अळीचं घरही मोडतं. पुढची सगळी कृती याच पिकाला धरून लिहिली आहे. तुराट्यांना (तुरीच्या काड्यांना) ती जशीच्या तशी लागू पडते, बाकी अवशेषांना थोड्या फरकाने.

आधी हे ठरवा: जाळायचं काय आणि काय नाही

शेतातून निघणारी प्रत्येक काडी म्हणजे कचरा नव्हे. कडबा आणि सोयाबीनचं कुटार हे जनावराच्या तोंडचं आहे, त्याला हात लावू नका. उसाच्या पाचटाबद्दल (वाळक्या पाल्याबद्दल) माझं मत जरा कडक आहे. हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं आणि खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटणाऱ्या उसात) ते सरीत ठेवून कुजवलं तर ओल टिकते, सेंद्रिय कर्ब वाढतो. त्यामुळे पाचट जमिनीलाच द्यावं. ज्याच्याकडे खोडवा ठेवायचा नाही आणि जो नाहीतरी पाचट पेटवणारच आहे, त्याने मात्र खुशाल कोळसा करावा. पाचटाचा कोळसा होतो हे महाराष्ट्रातच नीट करून दाखवलं गेलं आहे. डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने फलटण भागात बंद डब्यांत पाचट भाजून कांडी कोळसा करण्याची पद्धत बसवली आणि २००२ साली तिला शाश्वत ऊर्जेसाठी दिला जाणारा ब्रिटनमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

भाताचं तूस नवख्याने टाळावं. त्यात राखच पंधरा-वीस टक्के असते, त्यामुळे शेगडी सारखी राखेने भरते. भुईमुगाची टरफलं आणि मक्याची बुरकुंडं (दाणे काढलेली कणसं) उत्तम. तुराट्या तर पऱ्हाटीइतक्याच चांगल्या, फक्त छपराला आणि कुडाला लागतील तेवढ्या आधी बाजूला काढून ठेवा.

पऱ्हाटीला गुरं फारसं तोंड लावत नाहीत, ती लवकर कुजत नाही आणि शेतात पडून राहिली तर कीड पाळते. म्हणून पहिला मान तिचा.

दोन रस्ते आहेत, आणि ते एकमेकांत मिसळू नका

‘ब्रिकेट’ हा शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंना वापरला जातो, त्यातून पुष्कळ गोंधळ होतो.

पहिली वस्तू म्हणजे कारखान्यात होणारा ‘पांढरा कोळसा’. काड्यांचा भुगा करायचा, वाळवायचा आणि मोठ्या दाबाने मशीनमधून काढायचा. दाबाने आणि घर्षणाच्या उष्णतेने काडीतलं लिग्निन (काडीला ताठपणा देणारा नैसर्गिक घटक) मऊ पडतं आणि तेच भुगा धरून ठेवतं. वरून काही चिकटवण लागत नाही. ९० मिलिमीटर जाडीचे हे तपकिरी दंडगोल बॉयलरमध्ये जातात.

दुसरी वस्तू म्हणजे कांडी कोळसा. आधी काड्यांचा कोळसा करायचा, मग त्याची पूड, मग खळ घालून कांड्या. ही घरात, बचत गटात, एका ड्रमवर सुरू करता येते.

फरक फक्त भांडवलाचा नाही. हिशेब करून बघा: १०० किलो वाळलेल्या पऱ्हाटीत ४ लाख किलोकॅलरी असतात. तिचा कोळसा साध्या ड्रममध्ये २० ते २५ किलो मिळतो. किलोला साडेसहा हजार धरले तरी दीड-पावणेदोन लाखांच्या वर जात नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त उष्णता ड्रमच्या तोंडातून निघून गेली. बॉयलरवाल्यासाठी हा शुद्ध तोटा आहे. स्वयंपाकघरात मात्र हिशेब बदलतो, कारण जी उष्णता गेली तिच्याबरोबर धूरही गेला. उरला तो जवळपास धूर न करणारा, हलका, पोत्यात मावणारा जाळ. तेव्हा तुमचं गिऱ्हाईक कोण हे आधी ठरवा. घरची शेगडी, इस्त्रीवाला, चहाची टपरी, तंदूरवाला असेल तर पुढे वाचा. बॉयलर असेल तर शेवटच्या भागाकडे जा.

काय काय लागेल

दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम, शक्यतो दोन-तीन. एकच असेल तर तो थंड होईपर्यंत तुम्ही हातावर हात धरून बसाल. ड्रम घेताना त्यात आधी काय होतं ते विचारा. कीटकनाशकाचा किंवा रसायनाचा ड्रम फुकट मिळाला तरी नको. तेलाचा असेल तर आतल्या वाफेचा धोका लक्षात घ्या. बंद ड्रमला थेट गॅस कटर किंवा ग्राइंडर लावला की आतली वाफ पेटून तो फुटू शकतो. आधी झाकणाची बुचं काढून, साबणाच्या पाण्याने खळबळून, पाण्याने भरून मग छन्नी-हातोड्याने वरचं झाकण कापून घ्या. नाहीतर सरळ तोंड कापलेला, धुतलेला ड्रम भंगारवाल्याकडून घ्या.

तळाला दीड इंचाची दहा-बारा भोकं पाडा, सगळीकडे सारखी पसरून. वर बसेल असं पत्र्याचं झाकण करून घ्या. ते ड्रमच्या काठापेक्षा चार बोटं मोठं असावं, मधे उचलायला कडी. पहिल्यांदा ड्रममध्ये थोडा पालापाचोळा मोकळा जाळून आतला रंग आणि तेलकटपणा घालवा. हे काम वारा पाठीकडून येईल असं उभं राहून करा, तो धूर फार वाईट असतो.

बाकी सामान घरातलंच: तीन विटा, फावडं, घमेलं, लांब दांड्याची पहार, ओला गोणपाट, पाण्याच्या दोन बादल्या, मोगरी, चाळणी, जुनं पातेलं, तागाची पोती. आणि काटा. स्वयंपाकघरातला दहा किलोपर्यंतचा काटा पुरतो, पण तो हवाच. अंदाजाने घातलेली खळ हे कांड्या फुटण्याचं पहिलं कारण असतं.

पायरी १: काड्या वाळवणं

चिमट्याने उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळाला मातीचं ढेकूळ येतं. ते जागच्या जागी झटकून टाका. आपल्या काळ्या मातीची एक मूठ म्हणजे शेगडीतली एक मूठ राख. जमलं तर मुळाचा तुकडा कोयत्याने उडवूनच टाका.

काड्या उभ्या पेंढ्यांनी रचा, आडव्या ढिगात नको. ढिगाच्या तळाशी हवा जात नाही आणि तळची थर दमट राहते. आपल्याकडच्या उन्हात तीन-चार आठवड्यांत पऱ्हाटी चांगली वाळते. अंगठ्याएवढी जाड काडी गुडघ्यावर दाबली की ‘कट्’ असा आवाज करून एकदम तुटली पाहिजे. वाकली, साल लोंबकळत राहिली, तर अजून आठ दिवस.

खात्री करून घ्यायची तर काड्यांचे बारीक तुकडे अर्धा किलो मोजून घ्या, तव्यावर मंद आचेवर परतत राहा, मधूनमधून वजन करा. तुकडे करपायच्या आत वजन उतरायचं थांबलं की तो आकडा टिपा. अर्धा किलोचे साधारण ४२५ ग्रॅम उरले तर ओल १५ टक्के होती. कोळसा करायला १५ च्या खालीच असावी. जास्त असली तर अर्धा ड्रम ते पाणी उडवण्यातच जळून जातो आणि धुराने गावकऱ्यांचे बोल ऐकावे लागतात ते वेगळंच.

पायरी २: ड्रम भरणं आणि पेटवणं

जागा मोकळी हवी. गोठा, कुटाराची गंजी, घर, विजेची तार यांपासून लांब, आणि वारा त्यांच्याकडे जाणार नाही अशी. सकाळी लवकर सुरू केलं तर वारा पडलेला असतो.

ड्रम तीन विटांवर ठेवा, म्हणजे खालून हवा खेळेल. काड्या कोयत्याने वीतभर तोडून ठेवा. कडबाकुट्टी यंत्रात पऱ्हाटी घालू नका, ती तेवढी मऊ नसते आणि पाती जातात. जाड तुकडे खाली, बारीक वर. ठासून भरू नका आणि मोकळंही सोडू नका. वरून हात दाबला की थोडंसं दबेल इतपत. एका ड्रममध्ये साधारण १५ ते २० किलो काड्या बसतात.

आता पेटवायचं वरून. नवे लोक हमखास खालून पेटवतात, चुलीची सवय. खालून पेटवलं की वरच्या काड्यांतून निघणारा वायू न जळता पांढऱ्या-पिवळ्या धुराने बाहेर पडतो. वरून पेटवलं की जाळ हळूहळू खाली सरकतो आणि खालून येणारा वायू वरच्या ज्वाळेतून जाताना जळून जातो. धूर कितीतरी कमी होतो आणि वर तयार झालेला कोळसाही टिकतो, कारण खालून येणारी हवा वाटेतच संपलेली असते. वर मूठभर वाळका पाला, त्यावर एक गोवरीचा तुकडा, आणि काडी लावा. दहा मिनिटांत सगळ्या तोंडावर सारखा जाळ आला पाहिजे. एकाच बाजूला जळत असेल तर लांब काठीने थोडं सारखं करा.

माल खाली बसत जाईल तसे थोडे तुकडे वरून टाकत राहता येतात, पण दोनदा-तीनदाच. हाव धरली तर खालचा कोळसा राख होतो.

पायरी ३: बंद करायची वेळ

सगळं कसब इथे आहे. बाकी पायऱ्या कुणालाही जमतात.

धूर बघा. सुरुवातीचा दाट पांढरा धूर म्हणजे बहुतेक पाण्याची वाफ. त्यानंतर पिवळसर, डोळ्यांना झोंबणारा धूर येतो, तो काडीतल्या डांबराचा आणि वायूचा. त्यात जाळ उंच आणि पिवळा असतो. मग जाळ बसू लागतो, धूर विरळ होतो, आणि एका क्षणी तो निळसर, जवळजवळ दिसेनासा होतो. ड्रमच्या तोंडावर लहान लहान निळ्या जिभा दिसतात. वाकून विटांमधल्या फटीतून तळाकडे बघा, भोकांतून लाल निखारा दिसतो. म्हणजे जाळ तळापर्यंत पोचला, वायू संपला, आणि आता जे जळतंय तो तुमचा कोळसा. इथून पुढचा प्रत्येक मिनिट पदरचा.

वेळ घड्याळावर ठरवू नका. काडी किती जाड, किती वाळलेली, वारा किती, यावर पाऊण तास लागेल की दीड, ते ठरतं.

निळा धूर दिसला की दोन माणसांनी काम करायचं. एकाने पहारीने ड्रम कलता करायचा, दुसऱ्याने फावड्याने वीट ओढायची, हाताने नाही. ड्रम जमिनीवर बसला की तळाभोवती माती लोटा. झाकण ठेवा, त्याच्या काठाला चिखल लिंपा. कुठून धूर येतोय ते बघत पाच मिनिटं फिरा, जिथे दिसेल तिथे चिखलाचा गोळा. धुराची एक रेघ सुटली तर सकाळी आत राखच सापडते.

रात्रभर तसंच राहू द्या. उघडताना आधी ड्रमला पालथा हात जवळ नेऊन बघा. गरम लागला तर झाकण काढू नका, कारण आतला गरम कोळसा हवा मिळताच पुन्हा पेटतो. थंड कोळसा मोकळ्या जमिनीवर पसरा, वर पाण्याचा हलका शिपका मारा आणि निदान एक दिवस तो उघड्यावरच, नजरेखाली राहू द्या. बाहेरून गार वाटणाऱ्या कोळशाने पोत्यात भरल्यावर पेट घेतला, असं होतं. घरात किंवा गोठ्याजवळ त्याच दिवशी नेऊ नका.

चांगला कोळसा काळाभोर, किंचित चकाकणारा, बोटाने मोडला की खणकन तुटणारा. आतून तपकिरी निघालेले तुकडे अर्धकच्चे, ते वेगळे काढा आणि पुढच्या ड्रममध्ये टाका. ते पुडीत गेले तर कांडी धूर करते. पांढरी राख चाळून काढा, ती उकिरड्यावर किंवा शेतात.

२० किलो काडीतून चार-पाच किलो कोळसा आला तर तुमचं बरोबर चाललंय. अडीच-तीनच आला तर झाकण उशिरा पडलं. सहा-सातच्या वर आला तर खूश होऊ नका, तपकिरी तुकडे शोधा.

पायरी ४: पूड

कोळसा तागाच्या पोत्यात भरून तोंड बांधा आणि वरून मोगरीने बडवा. उघड्यावर कुटलं तर अर्धी पूड वाऱ्यावर जाते आणि उरलेली तुमच्या छातीत. त्याआधी कोळशाला किंचित ओलावा दिला की धूळ बसते. नाकातोंडाला ओला रुमाल बांधा, मुलांना लांब ठेवा.

गव्हाच्या चाळणीतून जाईल एवढी बारीक पूड हवी, म्हणजे दोन-तीन मिलिमीटरच्या आतली. सगळीच पिठासारखी झाली तरी ठीक नाही. बारीक आणि थोडी रवाळ अशी मिसळण कांडीत घट्ट बसते.

पायरी ५: खळ

कोळशाच्या पुडीला स्वतःचा चिकटपणा नाही. भाजताना लिग्निन गेलेलं असतं, म्हणून खळ लागते.

सगळ्यात सोपी मैद्याची. दहा किलो कोरड्या पुडीला ६०० ते ७०० ग्रॅम मैदा. जाळी लागलेला, जुना झालेला मैदा चालतो, खायचा मैदा कशाला घालवायचा? तो आधी लिटरभर गार पाण्यात गुठळ्या न राहता कालवा. दुसरीकडे पाच-सहा लिटर पाणी उकळत ठेवा, त्यात हे कालवण बारीक धारेने ओता आणि ढवळत राहा. पांढरट रंग जाऊन खळ पारदर्शक, तार धरणारी झाली की उतरवा. कच्ची खळ धरत नाही, इथे घाई नको.

मैदा विकत घ्यायचा नसेल तर चिंचोके आहेत. घोंगडीला खळ देतात ती चिंचोक्याचीच. चिंचोके भाजून, साल काढून, दळून पीठ करायचं आणि तसंच शिजवायचं. मेहनत जास्त, पण पकड मैद्यापेक्षा कमी नाही आणि उन्हाळ्यात चिंचोके गावात पडूनच असतात.

शेण वापरणारे वापरतात. चार भाग पुडीला एक भाग ताजं शेण. पैसे लागत नाहीत, पण पेटताना गोवरीचा वास आणि थोडा धूर येतो. माती घालण्याचा सल्ला कुणी दिला तर एवढं लक्षात घ्या की मूठभर मातीने कांडी सावकाश जळते खरी, पण माती जळत नसते, तेवढी राख वाढते आणि गिऱ्हाइकाच्या ते लगेच ध्यानात येतं. साखर कारखान्याच्या मळीने कांडी दणकट होते, पण पहिला धूर बराच येतो आणि साठवणीत मुंग्या लागतात.

कोमट खळ पुडीत थोडी थोडी घालत हाताने मळा. एकदम ओतू नका. मुठीत घेऊन दाबा: मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, त्यावर बोटांचे ठसे उमटले आणि बोटांतून पाणी गळलं नाही, म्हणजे जमलं. भुगा होऊन पडला तर अजून खळ, पाणी गळलं तर अजून पूड.

पायरी ६: कांड्या पाडणं

पहिल्या चाचणीला मशीन घेऊ नका. घरातला जुना चकलीचा सोऱ्या काढा, जो परत फराळाला वापरायचा नाही असा. मोठ्या भोकाची चकती लावा आणि बोटाएवढ्या कांड्या पाडा. खळीचं प्रमाण बरोबर आहे की नाही हे कळायला एवढं पुरे.

त्यानंतर दीड इंची पाइपाचा फूटभर तुकडा आणि त्यात सैलसर जाणारा लाकडी दट्ट्या. पाइप फरशीवर उभा धरायचा, मिश्रण भरायचं, दट्ट्यावर मोगरीचे तीन-चार ठोके, आणि पलीकडून ढकलून काढायची. हे चाललं, विकलं जाऊ लागलं, की मग स्क्रूचं हाताने फिरवायचं किंवा मोटरवरचं मशीन बघा.

घरच्या शेगडीसाठी दीड इंचापेक्षा जाड कांडी करू नका. जाड कांडी आतून वाळत नाही आणि पेटायला वेळ घेते. मोठी करायचीच असेल तर मधे आरपार भोक ठेवा.

पायरी ७: वाळवणं आणि पारख

पहिला दिवस सावलीत. एकदम कडक उन्हात टाकलं की वरची साल आधी सुकते, आतली ओल तिला फोडून बाहेर येते आणि कांडीला उभ्या चिरा पडतात. दुसऱ्या दिवसापासून ऊन. जमिनीवर नको, बाजेवर किंवा ताणून बांधलेल्या शेडनेटवर, म्हणजे खालूनही वारा लागेल. रोज एकदा उलटा. मार्च-एप्रिलमध्ये तीन ते पाच दिवस लागतात. दहा कांड्यांवर खूण करून त्यांचं रोज वजन करा. सलग दोन दिवस तेच वजन आलं की वाळल्या.

मग कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाकून बघा. एखादा टवका उडाला तर चालेल, दोन-चार तुकडे झाले तर खळ कमी पडली किंवा पूड फार रवाळ होती. एक कांडी पेटवून शेवटपर्यंत बघा. सुरुवातीची पाच मिनिटं सोडून नंतरही धूर येत असेल तर दोष कोळशात आहे, खळीत नाही. पेटून मधेच विझत असेल तर एकतर ओली आहे, नाहीतर मातीचा भाग जास्त झाला.

पावसाळ्याआधी काम संपवा. पिठाच्या खळीला दमट हवेत बुरशी येते आणि कांडी सुटते. आत प्लास्टिक असलेल्या खताच्या धुतलेल्या पोत्यांत भरून, लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर सोडून ठेवा.

जाळताना

कांडी कोळसा मातीच्या साध्या चुलीत नीट जळत नाही. त्याला खालून हवा लागते, म्हणजे जाळी असलेली शेगडी. ‘आरती’ने यासाठी ‘सराई’ नावाचा डब्यावर डबा रचायचा कुकर आणला होता. १०० ग्रॅमच्या आसपास कोळशावर कुटुंबाचा वरण-भात वाफेवर शिजतो. एवढ्याशा कोळशात हे होतं, कारण उष्णता बंद भांड्यातच राहते. उघड्या शेगडीवर तीच गोष्ट करायला दुप्पट-तिप्पट लागेल.

आणि एक धोका, जो दिसत नाही म्हणून मुद्दाम सांगतो. कोळशाला धूर नसला तरी त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. हिवाळ्यात दारं-खिडक्या लावून शेगडी आत ठेवून झोपणं जिवावर बेततं. शेगडी अंगणात पेटवा, स्वयंपाक उघड्या दाराच्या खोलीत करा, आणि झोपायच्या खोलीत ती कधीही नेऊ नका. कांड्या विकणार असाल तर पोत्यावर हे लिहून द्या.

पैशाचं काय

तीन ड्रम, दिवसाला दोन खेपा, खेपेला ड्रममागे चार किलो, म्हणजे २४ किलो. पण रात्रभर थंड करायचं म्हटलं तर दोन खेपांना प्रत्यक्षात सहा ड्रम लागतात. पूड, खळ, कांड्या धरून हे दोन माणसांचं पूर्ण दिवसाचं काम. मजुरी माणशी ३०० रुपये धरली तर किलोमागे २५ रुपये नुसत्या हातांचे झाले, मैदा आणि ड्रमची झीज वेगळी. आता तुमच्या तालुक्यात लोणारी (लाकडी) कोळसा काय भावाने मिळतो ते विचारून या. मजूर लावून हा धंदा बऱ्याच ठिकाणी जेमतेम सुटतो, हे आधीच समजून घेतलेलं बरं. घरच्या माणसांनी रिकाम्या महिन्यांत केलं, स्वतःचं सरपण आणि सिलिंडर वाचवला आणि उरलेला माल इस्त्रीवाल्याला दिला, तर तो परवडतो. बचत गटांना मी हेच सांगतो: पहिला उन्हाळा फक्त घरच्या वापरासाठी करा.

बाभूळ वगैरे झाडांचं लाकूड यात मिसळू नका. लाकूड तोडीला आणि लाकडी कोळशाच्या वाहतुकीला वन खात्याचे नियम लागतात. तुमचा कोळसा पिकाच्या काड्यांचाच आहे हे ठामपणे सांगता आलं पाहिजे.

आणि मशीनचा रस्ता

पांढऱ्या कोळशाचं मशीन घ्यायचा विचार असेल तर आधी माल मोजा. ताशी ५०० किलोचं मशीन आठ तास चाललं तर दिवसाला चार टन भुगा खातं, म्हणजे रोज दीड-दोन हेक्टरची पऱ्हाटी. वर्षाला २०० दिवस चालवायचं तर ८०० टन, तीन-चारशे हेक्टर. ती सगळी मिळते जानेवारी ते मार्च, म्हणून उरलेल्या वर्षासाठी शेड, ताडपत्र्या आणि आगीचा बंदोबस्त. थ्री-फेज वीज अखंड हवी. भुग्यातली ओल ८ ते १० टक्क्यांवर आणावी लागते. त्याच्यावर गेली की आत वाफ कोंडते आणि कांडी साच्यातून बाहेर पडताना फुटते. मुळांना लागून आलेली माती साचा आणि पंच घासून काढते, तो खर्च मशीन विकणारा सहसा सांगत नाही.

केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने, म्हणजे मुंबईच्या सिरकॉटने, पऱ्हाटीच्या ब्रिकेट आणि पेलेटवर (दाबून केलेल्या बारीक कांड्यांवर) काम केलं आहे. त्यांचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र नागपुरात आहे. पैसे गुंतवायच्या आधी तिथे जाऊन विचारपूस करा. मागणी नाही असं नाही: ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांना कोळशात ५ टक्के जैवभाराचे (पिकाच्या काडीकचऱ्याचे) पेलेट मिसळायला सांगितलं, आणि विदर्भात कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर, मौदा अशी केंद्रं आहेत. पण तिथे लागतो तो पेलेट, जाड ब्रिकेट नव्हे, आणि मशीन वेगळं असतं.

माझा सल्ला असा की पहिल्या वर्षी गावातली पऱ्हाटी श्रेडरने बारीक करून चालू असलेल्या एखाद्या प्लांटला विकून बघा. त्या व्यवहारात चार गोष्टी कागदावर घ्या: ओल किती टक्क्यांपर्यंत चालेल, जास्त निघाली तर वजनातून किती कापणार, मातीचं प्रमाण कसं तपासणार, आणि वजन कुणाच्या काट्यावर होणार. ट्रॉली त्यांच्या गेटवर उभी राहिल्यावर हे प्रश्न विचारून उपयोग नसतो.